मॉन्टेसरीत बाई काहीच शिकवत नाहीत, मग फी कशाची?

धोटा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

मुलगी चार वर्षांची. सोलापुरात होटगी रोडच्या बाजूला एका मॉन्टेसरीत जाते, शाळेचं नाव मुद्दाम देत नाही. तिथं पालकांना वर्गात बसून बघता येतं. अट अशी की खुर्चीवर गप्प बसायचं, पोरांशी बोलायचं नाही. गेल्या आठवड्यात जाऊन बसलो.

फळा नाही. बाक नाहीत. भिंतीवर छोटा भीमसुद्धा नाही. एक पोरगा लाकडी चौकटीवरच्या कापडाची बटणं लावायचा, काढायचा, परत लावायचा. आमची कन्या एका छोट्या तांब्यातून दुसऱ्या तांब्यात ज्वारी ओतत होती. सांडली, तिनंच गोळा केली, परत सुरू. एक पोरगं खिडकीला टेकून नुसतं दुसऱ्यांकडं बघत उभं, त्याला कोणी हटकलंही नाही. आणि बाई? जमिनीवर बसून एखाद्या पोराशी कानात सांगितल्यासारखं काहीतरी बोलायच्या, बाकी वेळ वहीत टिपत बसायच्या. 'सगळ्यांनी इकडं बघा' हे वाक्य ऐकायला मिळालं नाही.

आमचा टॉवेलचा धंदा, वडिलांपासूनचे माग आहेत. कारखान्यात कोणी असं बघत उभं राहिलं तर मी खाडा लावतो. शेजारचा पोरगा याच वयाचा, शंभरपर्यंत आकडे लिहितो, एबीसीडी लिहितो. आमच्या आईचं म्हणणं, "ज्वारी सांडायला फी भरतोस होय? घरात फुकट सांडू दे की."

तर प्रश्न असा की याला बालकेंद्री शिक्षण म्हणतात, पण बालकेंद्री म्हणजे पोराला वाटेल ते करू देणं असेल तर शिकवतं कोण? आणि पहिलीला दुसऱ्या शाळेत घालायचंच आहे, तिथं हाल होणार नाहीत का? स्वतःचे अनुभव सांगा, लिंका नकोत.

पार्क_चौक
आज्जीचं बरोबर आहे की बे. विजापूर रोडला 'आज्जी मॉन्टेसरी' काढू. ज्वारी निवडणे, शेंगा फोडणे, लसूण सोलणे. फी निम्मी, वर दुपारी कडक भाकरी आणि शेंगा चटणी.

वाचनमात्र२
जागा धरून बसलोय. गुरुजी आले की रंगणार हा धागा.

अनुराधा_म
मी मूळची सोलापूरची, आता पुण्यात. मॉन्टेसरीचं प्रशिक्षण घेऊन तीन ते सहाच्या वर्गात काम करते, त्यामुळे माझा कल कुठे हे धरूनच वाचा.

धोटा, तुम्ही बघितलंत ते नीट बघितलंत. पण बाईंचं निम्मं काम तुम्ही पोचायच्या आधी झालेलं होतं. कुठली वस्तू कुठल्या फळीवर, कोणाचा हात तिथपर्यंत पोचतो, तांब्या केवढा, त्यात ज्वारी किती. ज्वारी जास्त झाली की चार वर्षांच्या मनगटाला पेलत नाही. कमी झाली तर ओतण्यात रस राहत नाही. हे सगळं कोणीतरी ठरवलेलं असतं.

कानात सांगितल्यासारखं बोलत होत्या तो धडा. समजा खरखरीत आणि गुळगुळीत शिकवायचंय. आधी बाई मुलाचा हात फिरवून घेतात आणि फक्त नाव सांगतात, "हे खरखरीत. हे गुळगुळीत." मग विचारतात, "गुळगुळीत कुठलं? दे बरं मला." ते पक्कं झालं की शेवटी, "हे कसं आहे?" मधल्या पायरीवर मूल चुकलं तर 'चूक' म्हणायचं नाही. सामान आवरायचं आणि एखाद्या दिवशी परत पहिल्यापासून. ही तीन पायऱ्यांची रीत मूळ एदुआर सेगँ या फ्रेंच डॉक्टरांची. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांबरोबर काम करताना त्यांनी ती बसवली. मारिया मॉन्टेसरीही डॉक्टरच, त्यांनी ती उचलली.

वहीतली टिपणं म्हणजे आज कोणी काय घेतलं, किती वेळ टिकलं, कुठं अडलं. उद्या कोणाला काय दाखवायचं हे त्यावरून ठरतं.

आणि चुका काढायला बाई लागत नाहीत कारण ते काम सामान करतं. लाकडी ठोकळ्यात दहा भोकं आणि दहा दट्टे असतात. एक जरी चुकीच्या जागी बसला तर शेवटी एक दट्टा उरतो किंवा बसतच नाही. मूल स्वतःच थांबतं, बघतं, सगळे काढून परत लावतं. दट्ट्याला वर जी छोटी मूठ असते ती तीन बोटांनीच धरता येते. पेन्सिल धरायची पकड तिथं तयार होते, पेन्सिल न देता.

खिडकीशी उभं राहिलेलं मूल बघत होतं ना? मग ठीक. रोजच तसं उभं राहत असेल तर मात्र बाईंनी काहीतरी करायला हवं. आणि 'वाटेल ते' असं नसतंच. जे काम आधी दाखवलंय तेच घेता येतं, चटईवर करायचं, झालं की जागच्या जागी ठेवायचं, दुसऱ्याच्या हातातलं ओढायचं नाही. ही शिस्त शेजारच्या मुलाच्या शाळेपेक्षा कडक आहे, फक्त तिथं ओरडा नाही.

धोटा
ताई, सविस्तर लिहिलंत, आभार. पण एक खटकलं. तो गुलाबी ठोकळ्यांचा मनोरा वर्गात एकच होता, दोन पोरं वाट बघत होती. एवढी फी घेता तर दुसरा आणायला काय होतं?

अनुराधा_म
मुद्दाम एकच ठेवतात. वाट बघणं हाही अभ्यासक्रमच. (फी कमी करायला हवी याबद्दल दुमत नाही.)

पार्क_चौक
म्हणजे नळाला पाणी यायची चार-पाच दिवस वाट बघत आलेलं अख्खं सोलापूर मॉन्टेसरीत शिकलंय म्हणा की.

निवृत्त_गुरुजी
आलो. वाचनमात्र२ यांनी आठवण काढली म्हणून.

मी आयुष्यभर पहिलीचा वर्ग घेतला. दक्षिण सोलापूर तालुक्यात बरीच वर्षं, शेवटी शहरात. अनुराधाताई सांगतात ते खोटं नाही, पण त्यांच्या वर्गात मुलं किती आणि माझ्या वर्गात किती हे आधी विचारा. एक फळा, एक घंटा, चाळीसच्या पुढं पोरं. त्यात मॉन्टेसरीतून आलेलं मूल मध्येच उठून पाणी प्यायला जातं, विचारतं, "हे मी नंतर करू का?" हुशार असतं, शंका नाही. पण ते नंतर करू म्हणालं की त्याच्या मागचे तिघं पण म्हणतात. रुळतात काही महिन्यांनी, तोवर मास्तरचा घसा बसतो.

आणि बालकेंद्रीबद्दल मला नका सांगू. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर ज्ञानरचनावाद आला, म्हणजे मूल स्वतःच ज्ञान घडवतं हा विचार. 2015 ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा सरकारी कार्यक्रम आला, शाळाशाळांच्या फरश्या रंगल्या. ही सगळी प्रशिक्षणं आम्ही कशी घेतली? गरगरणाऱ्या पंख्याखाली, रांगेत बसून, दिवसभर एकाचं भाषण ऐकत. मध्ये उठलं की साहेब विचारायचे, "कुठं निघालात?" मूल केंद्रस्थानी आणि मास्तर कोपऱ्यात, असा तो कारभार होता.

माझं मत, तीन ते सहा या वयात मुलांनी खेळावं, धडपडावं. पण त्यासाठी इटलीहून सामान कशाला?

वाचनमात्र२
"हे मी नंतर करू का?" हे मी ऑफिसात रोज विचारतो. मला कोणी हुशार म्हणत नाही.

श्रद्धा_जुळे_सोलापूर
गुरुजींशी असहमत. माझा मुलगा मॉन्टेसरीतून सेमी-इंग्रजीला गेला. पहिलीत लिखाणाचा वेग कमी होता हे खरं, बाईंनी डायरीत लाल शेरेही दिले. पण त्याला बसून काम संपवायची सवय होती, डबा स्वतः उघडायचा, बुटाची नाडी स्वतः बांधायचा, सांडलं की फडकं शोधायचा. त्याच्या वर्गातल्या एकाची आई दुसरीपर्यंत खिडकीतून खुणा करून 'डबा खा' सांगायची.

उलट बाजूही सांगते. माझी मुलगी त्याच शाळेत दोन वर्षांनी गेली तेव्हा शाळा बदललेली होती. फळीवर तेच सामान, पण ते पालक बघायला आले की काढायचं. एरवी छापील वह्या, ठिपके जोडा, रंग भरा, स्टार मिळवा. पालकांचीच मागणी होती म्हणे, 'लिहून काय आणलं ते दाखवा.' तिला तिथून काढलं. शाळेचं नाव विचारू नका.

आकडेमोड
श्रद्धा यांचा शेवटचा परिच्छेद महत्त्वाचा आहे. धागाकर्त्यांनी लिंका नको म्हटलंय म्हणून तोंडी सांगतो.

'मॉन्टेसरी' या नावावर कोणाचाही कायदेशीर हक्क नाही. उद्या पार्क चौकात पावभाजीच्या गाडीवर कोणी लिहिलं तरी चालतं. त्यामुळे 'मॉन्टेसरीचा उपयोग होतो का' या प्रश्नाला अर्थ कमी. 2006 साली 'सायन्स' या नियतकालिकात अँजेलिन लिलार्ड आणि निकोल एल्स-क्वेस्ट यांचा अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातला अभ्यास आला. तिथं सरकारी मॉन्टेसरी शाळेत प्रवेश सोडतीनं होता, म्हणून सोडत लागलेली आणि न लागलेली मुलं ताडून बघता आली. पालक जागरूक म्हणून मुलं हुशार, हा नेहमीचा आक्षेप त्यामुळे बराचसा बाद होतो. पाच वर्षांच्या वयाला वाचन-गणिताच्या तयारीत मॉन्टेसरीची मुलं पुढं होती, आणि नियम बदलला की त्याप्रमाणे स्वतःला आवरणं, भांडण बोलून सोडवणं यातही. मुलांची संख्या मोठी नव्हती, हेही त्याच दमात सांगितलं पाहिजे.

जास्त कामाचा तो लिलार्ड यांचाच 2012 चा अभ्यास. मूळ पद्धतीनं चालणारे वर्ग, मॉन्टेसरी सामानाच्या जोडीला इतर कोडी-वह्या घुसवलेले वर्ग आणि साधी बालवाडी, अशी तुलना होती. वर्षभरातली प्रगती पहिल्या प्रकारात जास्त दिसली. सरमिसळ केली की फायदा पातळ होतो.

पार्क_चौक
माझ्या पावभाजीला मध्ये ओढू नका बे.

पद्मा_साखरपेठ
आमच्या घरी तेलुगू, गल्लीत मराठी, समोरच्या घरात कन्नड, आणि शाळा इंग्रजी. माझ्या नातवाच्या मॉन्टेसरीत ती सँडपेपरची अक्षरं आहेत, बोटानं गिरवायची. पण ती इंग्रजी. 'सी' ला कधी क म्हणायचं कधी स, याचा त्याला राग येतो. घरी मी पुठ्ठ्यावर फेविकॉल लावून त्यावर बारीक रेती टाकून क, म, ल केले. ते त्यानं पटापट उचलले. हे माझं लाडाचं निरीक्षण आहे की यात काही तथ्य आहे?

अनुराधा_म
पद्माताई, पूर्ण तथ्य आहे. रोममध्ये मॉन्टेसरींच्या पहिल्या वर्गातली चार-पाच वर्षांची मुलं अचानक लिहायला लागली, वाचायच्या आधी, याचा तेव्हा फार बोलबाला झाला होता. पण ती भाषा इटालियन. तिच्यात अक्षर आणि आवाज यांची जोडी बऱ्यापैकी पक्की. इंग्रजीत तसं नाही, म्हणून तिथं नंतर वेगळ्या युक्त्या कराव्या लागतात. मराठी, तेलुगू, कन्नड याबाबतीत इटालियनच्या बाजूला बसतात. म्हणजे ही पद्धत आपल्या लिपीत जास्त सहज चालावी आणि आपण ती नेमकी इंग्रजीत राबवतो.

एक अडचण मात्र आपल्याकडेच येते. सुटी अक्षरं मांडून शब्द करायचे तर 'किडा' मधली वेलांटी बोलताना क च्या नंतर आणि मांडताना क च्या आधी. मुलं ती हमखास उजवीकडे ठेवतात, कारण त्यांच्या कानाचं बरोबर असतं. मी काही दिवस तसंच राहू देते. आधी काना, मग दीर्घ वेलांटी, ऱ्हस्व सगळ्यात शेवटी. जोडाक्षरं तर फार पुढं.

निवृत्त_गुरुजी
हे आवडलं. आम्ही ग म भ न नं सुरुवात करायचो ती गिरवायला सोपी म्हणून. ऱ्हस्व वेलांटीचं मात्र मी पहिल्या दिवसापासून पट्टी घेऊन करत आलो.

पद्मा_साखरपेठ
आकड्यांचंही सांगते मग. माझा नातू तेलुगूत 'इरवै ओकटी' म्हणतो, म्हणजे वीस आणि एक. समोरच्या कन्नड घरात 'इप्पत्तोंदु', तेच. मराठीत एकवीस, आणि एकोणतीस आलं की पोरगं थबकतं. तीस अजून यायचे आहेत आणि नावात तीस कुठून आले?

आकडेमोड
2019 ला बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचायची सोय दिली तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ झाला होता, मराठी बुडाली म्हणून. सोलापुरात बऱ्याच घरांत ते आधीपासूनच चालू होतं, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

अनुराधा_म
सोनेरी मण्यांमुळे ही अडचण खूप कमी होते. एक सुटा मणी, दहा मण्यांची काडी, शंभर मण्यांचा चौकोन, हजार मण्यांचा घन. मूल हजाराचा घन दोन्ही हातांनी उचलतं आणि त्याला वजनावरून कळतं की हजार म्हणजे काय. 'दोन काड्या नऊ मणी आण' म्हटलं की आणतं, त्याला एकोणतीस म्हणतात हे नंतर चिकटवायचं. धोटा, शेजारचा मुलगा शंभरपर्यंत लिहितो. त्याला विचारा, सदतीस शेंगा मोजून दे. देता आल्या तर उत्तमच. पण लिहिणं आणि मोजणं वेगवेगळं असतं.

धोटा
काल विचारलं. त्यानं बारापर्यंत मोजल्या आणि मग खाल्ल्या.

भुईकोट
गुरुजी, इटलीच्या सामानाबद्दल थोडा इतिहास. पहिलं 'बालकांचं घर' 6 जानेवारी 1907 रोजी रोमच्या सान लोरेंझो वस्तीत उघडलं. श्रीमंतांसाठी नव्हे. आईबाप दिवसभर कामाला, पोरं चाळीत मोकाट, जिन्याच्या भिंती खराब करतात, म्हणून इमारतींच्या मालकांनी पोरं एका खोलीत गोळा केली आणि मॉन्टेसरीबाईंना बोलावलं. जुन्या मिलच्या चाळीत घडावी अशीच ही गोष्ट आहे. आज तीच पद्धत एसी खोलीत आणि स्कूलबसच्या भाड्यासकट मिळते.

बाई 1939 ला थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मद्रासला, अड्यारला आल्या. पुढच्या वर्षी इटली युद्धात उतरली आणि त्या शत्रुराष्ट्राच्या नागरिक ठरल्या. मुलगा मारिओ याला इंग्रजांनी कुठं ठेवलं? आपल्या शेजारी, अहमदनगरला. बाईंच्या सत्तराव्या वाढदिवसाला, 31 ऑगस्ट 1940 ला, त्याला सोडलं. त्या 1946 पर्यंत भारतातच होत्या, शेकडो शिक्षकांना शिकवलं.

निवृत्त_गुरुजी
नगरचं माहीत नव्हतं. पण भारतात हे त्यांच्या येण्याआधीच सुरू झालेलं होतं, तेही लिहा. गिजुभाई बधेकांचं भावनगरचं बालमंदिर 1920 चं. ताराबाई मोडक तिथं त्यांच्याबरोबर काम करत होत्या. 1926 ला नूतन बालशिक्षण संघ निघाला, नंतर त्या मुंबईला आल्या. मग 1945 ला पालघरकडच्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ बरोबर, पुढं कोसबाड. मूळ सामान आदिवासी पाड्यावर परवडणारं नव्हतं आणि त्याची गरजही पडली नाही. बिया, शिंपले, पानं, खडे. पोरं शाळेत येईनात तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात नेली. बालकेंद्री म्हणायचं असेल तर मी त्याला म्हणतो. मूल जिथं आहे तिथं मास्तर उठून गेला.

गोष्टीवेल्हाळ
मॉन्टेसरीबद्दल माझी एकच तक्रार, आणि ती मोठी आहे. सहा वर्षांच्या आत परीकथा नकोत, कल्पनेतलं नको, खऱ्या जगाचंच सांगा. आमच्या ओळखीतल्या एका शाळेनं पालकसभेत सांगितलं, काऊचं घर शेणाचं नि चिऊचं मेणाचं ही गोष्ट घरी सांगू नका, पक्षी बोलत नाहीत. अहो, गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वज बघून आलेलं पोर रात्री आजोबांना सिद्धरामेश्वरांनी तळं कसं खोदलं ते विचारणार. त्याला काय पुरावा मागायचा?

श्रद्धा_जुळे_सोलापूर
+१. आमच्याकडे नातेवाईक आले की 'ससा-कासव सांग' म्हणायचे आणि मुलगा गांडुळाचं जीवनचक्र सांगायचा. जेवताना.

अनुराधा_म
बाईंचं मत तसं होतं हे खरं. लहान मुलाला खरं आणि कल्पित यातला फरक अजून धड कळत नाही, म्हणून आधी खरं जग भरपूर द्या, कल्पना त्यावरच उभी राहते, असं त्या मांडायच्या. मी पोथीनिष्ठ नाही. चिऊ-काऊ सांगते, मुलं हसतात, आणि 'खरं का हो बाई' विचारतात. विचारू लागली की मला तर बरंच वाटतं. गिजुभाई तर गोष्टींशिवाय वर्गच धरायचे नाहीत. पालकसभेत बंदी घालणं हा अतिउत्साह आहे.

गोष्टीवेल्हाळ
मग ठीक. तलवार म्यान.

सेविका_अक्कलकोट
मी अंगणवाडी सेविका आहे. सगळा धागा वाचला, रात्री, कारण दिवसा मोबाईलवर पोषण ट्रॅकर (नोंदी भरायचं सरकारी ॲप) असतो. वजनं, उंची, लसीकरण, आहार, गृहभेटी, आणि मधे जो वेळ उरतो त्यात शाळापूर्व शिक्षण. मुलं पंचवीस-तीस, खोली एक. तिथं हे बालकेंद्री कसं करायचं? टोमणा मारत नाही, खरंच विचारतेय.

थोडं करते मी. शेंगांची टरफलं, चिंचोके, वेगवेगळ्या मापाच्या वाट्या. मोठी पोरं धाकट्यांना दाखवतात, ते मला शिकवावं लागलं नाही. पण अधिकारी आले की विचारतात मुलांना कविता येते का, आकडे येतात का. सगळी एका सुरात ओरडली की त्यांना बरं वाटतं. पालकांनाही. एक आई म्हणाली, "तुमच्याकडं नुसतं खेळवतात," आणि पोराला गावातल्या 'इंग्लिश'ला घातलं. तिथं पत्र्याच्या खोलीत एप्रिलमध्ये टाय लावून बसवतात.

निवृत्त_गुरुजी
ताई, वयं मिसळलेली आहेत हे तुमच्याकडं आपोआप आहे. मॉन्टेसरीवाले त्याचेच पैसे घेतात.

अनुराधा_म
गुरुजी, टोला मान्य. सेविकाताई, तीस मुलांना एकाच वेळी सुटं काम देऊ नका, गोंधळ होईल. सुरुवातीला पाच-सहा मुलांसाठी एक चटई आणि चार ताटल्या. बाकीची मदतनीसताईंबरोबर गाणी म्हणतील. एका ताटलीत एकच काम, सगळं त्या ताटलीत असलं पाहिजे, मुलाला काही मागायला तुमच्याकडे यावं लागता कामा नये. चटईवरची मुलं आवाज न करता काम करतायत हे बघून दुसरी येतात. हळूहळू चटया वाढवा. आणि तीनच्या आतलं भावंड बरोबर येत असेल तर चिंचोके लपवा, तोंडात जातात.

पद्मा_साखरपेठ
विड्या वळणाऱ्या बायांच्या पोरांचं काय, ते कोणी बोललं नाही. कारखान्यात पाळणाघर असावं असं विडी कामगारांच्या 1966 च्या कायद्यात होतं. पण विड्या वळतात घरी. कुंभारीच्या विडी कामगारांच्या घरकुलात जा, आई सुपात पानं घेऊन बसलेली, पोरगं शेजारी पानं मोजून देतं. हजारापर्यंत मोजता येतं त्याला, पुस्तकाशिवाय. पण त्याला ते मोजायचंय का हे त्याला कोणी विचारलेलं नाही.

पार्क_चौक
याच्यावर काय जोक करणार. बरोबर आहे पद्माक्का.

धोटा
धागा कुठल्या कुठं गेला, पण मला बरंच मिळालं. मूळ प्रश्नावर येतो. मुलीला आणखी दीड वर्ष तिथंच ठेवायचा विचार आहे. आमची आई तयार झालेली नाही. पण शाळा खरी की दिखाऊ हे मी कसं ओळखू? फळीवर सामान आहे, पण श्रद्धाताईंच्या दुसऱ्या वेळेसारखं झालं तर?

श्रद्धा_जुळे_सोलापूर
न सांगता जा. सामानाच्या कडा बघा. रोज वापरलेल्या ठोकळ्याचा रंग कोपऱ्यावर उडतो. आमच्याकडे दुसऱ्या वेळेस सगळं चकाचक होतं, तिथंच मला कळायला हवं होतं.

आकडेमोड
वेळापत्रक मागा. मूळ पद्धतीत सकाळी सलग तीन तासांचं अखंड काम असतं. दर अर्ध्या तासाला घंटा असेल, मध्ये डान्स, कराटे, फोनिक्स, तर मूल कशातही बुडणार नाही. आणि तीन, चार, पाच वर्षांची मुलं एकत्र आहेत का ते बघा. नर्सरी, ज्युनियर, सीनियर अशा वेगळ्या खोल्या असल्या तर पाटीवर काहीही असो.

अनुराधा_म
बाईंना विचारा, "माझ्या मुलीनं गेल्या महिन्यात काय सोडलं?" काय शिकली हे कोणीही सांगेल. कशाचा कंटाळा आला, कुठं अडली, हे वहीतल्या नोंदी असतील तरच सांगता येतं.

निवृत्त_गुरुजी
आणि पहिलीचं. नव्या शाळेत मुलाखत-परीक्षा घेऊन प्रवेश देतो म्हणाले तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं ते करता येत नाही, घाबरू नका. 2020 च्या नवीन शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच टप्पा धरलाय, म्हणजे पहिली-दुसरीतही खेळ चालायला हवा. कागदावर तरी. शेवटच्या उन्हाळ्यात घरी दोन सवयी लावा. रेघांच्या वहीत थोडं लिहिणं आणि 'आत्ता सगळ्यांनी मिळून' हे ऐकून घेणं. एवढं झालं तर मास्तर तिच्यावर खूश राहील. घसा वाचेल त्याचा.

धोटा
गुरुजी, हे जमेल. येत्या गुरुवारी आईलाच वर्गात बसवतो, परवानगी घेतलीय.

सेविकाताई, तुमच्यासाठी एक. आमच्याकडं सूत गुंडाळायच्या रिकाम्या कांड्या आणि उरलेलं रंगीत सूत पोतंभर पडलेलं असतं, भंगारात जातं. कांड्या सगळ्या सारख्या नाहीत, तीन-चार मापांच्या आहेत. रंग जुळवायला, लहान-मोठं लावायला चालतील का?

सेविका_अक्कलकोट
चालतील म्हणजे काय! फक्त टोकं तासलेली आहेत का? आणि एका रंगाच्या फिकट-गडद छटा मिळाल्या तर फार बरं, लाल-निळा सगळ्यांना येतो आता.

धोटा
टोकं तासून देतो. छटा भरपूर आहेत, चुकलेल्या रंगाईचा मालच जास्त आहे. कुठं पोचवू?

संपादक
पत्ते आणि फोन नंबर धाग्यावर देऊ नयेत. कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.

पद्मा_साखरपेठ
धोटा, साखर पेठेत पण एक पोतं टाका. माझा नातू आणि समोरचं कन्नड घर मिळून आठ पोरं आहेत.